बेलेम आणि ‘डॉलरांचा धर्म’

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत ब्राझील देशांतील बेलेम या शहराचें नांव आमच्या वर्तमानपत्रांत पंधरा दिवस सारखें छापून येत होतें. हवामानबदलासंबंधीं भरणारी राष्ट्रांची तिसावी परिषद त्या सालीं तेथें भरली होती, आणि ॲमेझॉनच्या मुखाशीं वसलेल्या या शहरांत हॉटेलें किती महाग झालीं याची बित्तंबातमी आम्हां सर्वांस होती. त्या निमित्तानें ब्राझीलविषयीं जें बोलणें निघे त्यांत एक वाक्य मीं तीन निरनिराळ्या सुशिक्षित घरांत, जवळजवळ त्याच शब्दांत, ऐकलें. ‘अहो, तेथें आतां कॅथलिक उरले आहेत कोठें? अमेरिकेनें डॉलर ओतले आणि गरिबांचा धर्म विकत घेतला.’ एका घरीं हें वाक्य ज्या गृहस्थांनीं उच्चारलें ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि माझ्याविषयीं फार ममत्व बाळगणारे. इतक्यांत चहा आला व विषय बदलला. त्या वेळीं मीं उत्तर दिलें नाहीं याची रुखरुख मला लागून राहिली आहे. राहिलेलें तें उत्तर येथें देतों.

प्रथम ‘उरले आहेत कोठें’ याविषयीं. २०२२ च्या ब्राझीलच्या खानेसुमारींत दर शंभर माणसांपैकीं सुमारें सत्तावन्न माणसांनीं स्वतःस कॅथलिक म्हणवून घेतलें आहे. ‘एव्हांजेलिक’ म्हणजे शुभवर्तमानवादी प्रोटेस्टंट पंथांचे लोक सुमारें सत्तावीस आहेत. १९८० सालीं कॅथलिकांचें प्रमाण शेंकडा एकोणनव्वदांच्या घरांत होतें. तेव्हां घसरण मोठी आहे खरी. पण कॅथलिक उरलेच नाहींत असें म्हणणें म्हणजे आंकड्यांचा अभ्यास हा ज्यांचा व्यवसाय त्यांनीं आंकड्यांकडे पाठ फिरविणें होय. या सत्तावीसांत अनेक पंथ आहेत. त्यांतील सर्वांत मोठा पंथ ‘असेंब्लेया दि देउस’, म्हणजे ‘देवाची सभा’, हा असून २०१० च्या खानेसुमारींत त्याचे अनुयायी एक कोटी तेवीस लक्ष भरले होते. हा पंथ जन्मला बेलेम शहरांत. म्हणून डॉलरांची उपपत्ति खरी असेल तर ती निदान त्याच्या जन्मस्थानीं तरी लागू पडावी. ती तेथेंच लागू पडत नाहीं.

१९१० सालचें बेलेम म्हणजे रबराच्या पैशानें मातलेलें शहर. १६१६ सालीं पोर्तुगीजांनीं तें वसविलें आणि ख्रिस्ताच्या जन्मगांवाचें, बेथलेहेमचें, नांव त्यास दिलें. पारा प्रांताची ती राजधानी. जंगलांत रबराचा चीक काढणारा मजूर सावकाराच्या देण्यांत गळ्यापर्यंत बुडालेला असे, आणि त्याच चिकावर बेलेममध्यें विजेच्या ट्रामगाड्या धांवत, रस्त्यांवर आम्रवृक्षांच्या रांगा लागत व १८७८ सालीं उघडलेल्या ‘शांतिनाट्यगृहा’ंत युरोपांतील संगीतकांचे खेळ होत. पण त्या वैभवाचें मूळ आधींच पोखरलें गेलें होतें. हेन्री विकम नांवाच्या इंग्रजानें १८७६ सालींच तापाझोश नदीकांठचें सत्तर हजार रबराचें बीं लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानांत पोंचविलें होतें. त्याचीं रोपें पुढें सिलोन व मलायांतील मळ्यांत वाढलीं. १९१० सालीं रबराचा भाव शिखरास पोंचला, आणि त्यानंतर चारदोन वर्षांतच पूर्वेकडील मळ्यांच्या स्वस्त मालानें बेलेमचा बाजार बसविला. ज्यांना हा पंथ समजून घ्यावयाचा आहे त्यांनीं बायबलाच्या अगोदर रबराचा हिशेब वाचावा.

नेमक्या त्याच वर्षीं, १९ नोव्हेंबर १९१० रोजीं, ‘क्लेमेंट’ नांवाच्या जहाजांतून दोन स्वीडिश तरुण बेलेमच्या धक्क्यावर उतरले. गुन्नार विंग्रेन एकतीस वर्षांचा, डॅनिएल बर्ग सव्वीसांचा. दोघेही पोटासाठीं स्वीडन सोडून अमेरिकेंत गेलेले. विंग्रेननें शिकागोच्या स्वीडिश बाप्टिस्ट धर्मशाळेंत शिक्षण घेतलें होतें व तो लहानशा मंडळ्यांचा पाळक होता. बर्ग हा कामगार. पंथाची परंपरा सांगते कीं साउथ बेंड गांवच्या एका प्रार्थनेंत त्यांच्या एका देशबंधूच्या तोंडून ‘पारा’ हा शब्द निघाला, तो पृथ्वीवर कोठें आहे हें त्या दोघांसही ठाऊक नव्हतें, आणि त्यांनीं शिकागोच्या ग्रंथालयांत जाऊन नकाशा उघडून पाहिला. ही कथा ज्यास खरी मानावयाची त्यानें मानावी. माझा मुद्दा तिच्यावर अवलंबून नाहीं. तो एवढाच आहे कीं कोणत्याही मिशनरी संस्थेनें त्यांस पाठविलें नव्हतें, वेतन ठरलें नव्हतें, आणि पोर्तुगीज भाषेचा एक शब्दही त्यांस येत नव्हता. त्याच परंपरेप्रमाणें विंग्रेनजवळ प्रवासाकरितां नव्वद डॉलर जमले होते. प्राध्यापकमहाशयांचे ‘ओतलेले डॉलर’ ते हेच असल्यास माझी तक्रार नाहीं!

बेलेमच्या बाप्टिस्ट प्रार्थनामंदिराच्या तळघरांत त्यांस आसरा मिळाला. बर्गनें ओतशाळेंत काम धरलें. त्याच्या मजुरींतून विंग्रेनच्या भाषाशिक्षकाचें वेतन जाई, आणि दिवसा शिकलेला धडा विंग्रेन रात्रीं बर्गला शिकवी. पुढें बर्ग बायबलाच्या प्रती पाठीवर घेऊन ब्रागांसाच्या लोहमार्गानें व माराझो बेटाच्या बाजूस होडींतून फिरूं लागला. अशा रीतीनें एखादें साम्राज्य दुसऱ्याचा धर्म विकत घेत असेल तर तें फारच कंजूष साम्राज्य म्हटलें पाहिजे.

१९११ च्या जून महिन्याच्या प्रारंभीं त्या मंडळींतील सेलिना आल्बुकेर्क या बाईला रात्रींच्या प्रार्थनेंत ‘अन्य भाषां’चा अनुभव आला. पवित्र आत्मा उतरला असतां मनुष्य न शिकलेल्या वाणीनें बोलूं लागतो, अशी पेंटेकोस्टल लोकांची श्रद्धा. आणि ब्राझीलमध्यें या पंथाच्या इतिहासांत तो अनुभव प्रथम आला तो एका स्थानिक स्त्रीस, स्वतःच्या घरीं. बाप्टिस्ट मंडळींत खळबळ उडाली. त्या महिन्यांतच सुमारें वीस माणसांस मंडळींतून काढून टाकण्यांत आलें, आणि १८ जून १९११ रोजीं सेलिनाबाईंच्याच घरीं त्यांनीं आपली निराळी मंडळी स्थापिली. ‘असेंब्लेया दि देउस’ हें नांव १९१८ सालीं कायद्यानें नोंदलें गेलें. आतां दुसरी एक तारीख हिच्या शेजारीं मांडतों. अमेरिकेंतील ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ ही संस्था आर्कान्सा संस्थानांतील हॉट स्प्रिंग्ज येथें स्थापन झाली ती एप्रिल १९१४ मध्यें. म्हणजे जिला अमेरिकन शाखा समजतात ती बेलेमची मंडळी अमेरिकेंतील त्या संस्थेहून जवळजवळ तीन वर्षांनीं वडील आहे! मुलगी आईच्या आधीं जन्मली असें मानावयास अर्थशास्त्रज्ञ तयार असतील, मी नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं संस्था नसली तरी कल्पना तर अमेरिकेचीच. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर १९०६ सालीं जें झालें त्याचीच ही लाट. हा आक्षेप अधिक विचाराचा आहे, आणि त्याला उत्तर देतांना महाराष्ट्रांतील एका खेड्याचें नांव घ्यावें लागतें. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत असेंच धार्मिक उद्दीपन झालें तें १९०५ सालीं, म्हणजे अझुसा रस्त्याच्या आदल्या वर्षीं. अनाथ व विधवा मुलींच्या प्रार्थनांतून तें उठलें. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनीं त्यावर १९०६ सालीं एक पुस्तिका लिहिली. ती चिली देशांत वाल्परायसो येथील आपल्या जुन्या मैत्रिणीस, पाळक हूव्हर यांच्या पत्नीस, पाठविली. आणि १९०९ सालीं चिलींत जो पेंटेकोस्टल पंथ उभा राहिला त्याच्या आरंभीं ही केडगांवची पुस्तिका आहे, असें त्या पंथाचे इतिहासकार सांगतात. बेलेमला ती पोंचली असें माझें म्हणणें नाहीं. पण ज्या प्रवाहाचा एक झरा केडगांवीं फुटला, तो सर्व वॉशिंग्टनच्या तिजोरींतून निघाला असें निदान पुण्यांत बसून तरी कोणी म्हणूं नये.

मग हा पंथ पसरला कसा? याचें उत्तर पुन्हां रबरांत आहे. ईशान्य ब्राझीलमध्यें, विशेषतः सिआरा प्रांतांत, अवर्षणें पडत. १८७७ च्या भयंकर दुष्काळापासून तेथील लोक हजारोंच्या संख्येनें रबराच्या जंगलांकडे लोटले होते. बेलेमच्या नव्या मंडळींत ओढले गेले त्यांत हे परागंदा झालेले लोक बरेच होते. घर मागें राहिलें, गांवची देवी मागें राहिली, कुलवृत्तांत विचारणारा कोणी नाहीं, अशा माणसांस ‘बंधु’, ‘भगिनी’ म्हणणारी ही सभा भेटली. आणि जेव्हां रबर कोसळलें तेव्हां हेच लोक रिकाम्या हातांनीं आपापल्या गांवीं परतले व जातांना ही श्रद्धा बरोबर घेऊन गेले. सेलिनाबाईंच्या पाठोपाठ ज्या दुसऱ्या बाईस तो अनुभव आला त्या मारिया दि नाझारे १९१४ सालीं सिआरांत आपल्या नातलगांकडे गेल्या. तेथील मंडळीचा आरंभ त्यांच्यापासून धरतात. पुढें हेच ईशान्येकडील लोक कारखान्यांच्या कामासाठीं रिओ व साओ पाउलोस गेले, तेव्हां पंथही त्यांच्या गांठोड्यांतून तिकडे गेला.

स्वीडनमधील मंडळ्यांनीं मागाहून प्रचारक पाठविले, त्यांच्या खर्चाचा कांहीं भार उचलला, हें मी नाकारीत नाहीं. परंतु ते स्वीडिश लोक कोण होते? त्यांच्या देशांत लूथरचा पंथ हा राजधर्म. हे त्याबाहेरचे, पाद्र्यांच्या व विद्यापीठांच्या तुच्छतेचे धनी. पॉल फ्रेस्टन या समाजशास्त्रज्ञानें दाखविलें आहे कीं पदवीधर उपदेशकांविषयींचा अविश्वास व सरकारापासून दूर राहण्याची वृत्ति ब्राझीलच्या या पंथानें त्यांच्यापासूनच उचलली. त्याचा परिणाम असा कीं अमेरिकन पद्धतीची धर्मशिक्षणाची पाठशाळा साओ पाउलो प्रांतांत १९५८ सालीं निघाली तेव्हां पंथांतील वडीलधाऱ्यांनीं तिला कडकडून विरोध केला. विकत घेतलेला माणूस धन्याच्या शाळेला विरोध करीत नसतो.

आतां ‘अज्ञान’ या दुसऱ्या लाडक्या शब्दाकडे वळूं. बेलेमचा मोठा भाग भरतीच्या पाण्याहून फारसा उंच नाहीं. तेथील सखल वस्त्यांस ‘बायशादा’ म्हणतात, आणि त्यांत लाकडी खांबांवरचीं घरें, खालून वाहणारें घाण पाणी, ताप, हगवण हें नेहमींचेंच. अँड्र्यू चेस्नट या संशोधकानें अशा वस्त्यांत फिरून ‘बॉर्न अगेन इन ब्राझील’ हा ग्रंथ १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा कीं माणसें या पंथांत येतात तीं बहुधा दुखण्याच्या वेळीं. लेंकरूं तापानें फणफणलेलें, नवरा दारूच्या आहारीं गेलेला, दवाखान्यांत औषध नाहीं, आणि शेजारीण येऊन उशाशीं बसते व प्रार्थना करते. प्रार्थनेनें ताप उतरतो कीं नाहीं हा वाद मी वैद्यांवर सोंपवितों. पण दारू सुटते, पगार घरीं येतो, हात उगारणारा नवरा रविवारीं हातांत पुस्तक धरून शेजारीं बसतो, हें त्या बाईस डोळ्यांनीं दिसतें. तिनें केलेला हा हिशेब अज्ञानाचा आहे काय? आमच्या प्राध्यापकांनीं आयुष्यभर शिकविलेल्या शास्त्रांत त्याला कांहीं निराळें नांव असावें.

आणि या बाईला किंमतही कांहीं थोडी पडत नाहीं. बेलेममध्यें ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीं नाझारेच्या मातेची महायात्रा निघते. १७९३ पासून चालत आलेली ही ‘सिरिओ’ म्हणजे त्या शहराची दिवाळी, जत्रा व माहेरपण सर्व एकत्र. लक्षावधि माणसें लोटतात, नवस फेडणारे अनवाणी चालतात आणि मूर्तीपुढचा लांबच लांब दोर धरावयास मिळावा म्हणून जिवावर उदार होतात. नव्या पंथाच्या माणसानें हें सर्व सोडावयाचें. मूर्ति नाहीं, नवस नाहीं, नाच नाहीं, बिअर नाहीं. त्या दिवशीं सगळें शहर रस्त्यावर असतां त्यानें घराचें दार लावून बसावयाचें, आणि वर्षभर शेजाऱ्यांनीं उपहासानें लावलेलें ‘क्रेन्ति’, म्हणजे ‘भाविक’, हें नांव मुकाट्यानें ऐकून घ्यावयाचें. सिरिओचा त्याग कोणी पैशासाठीं करीत असेल तर बेलेमच्या माणसाला बेलेम कळलें नाहीं असेंच म्हणावें लागेल. यांत नुकसानही आहे, आणि तें मला दिसतें. दोनशें वर्षांची एवढी सुंदर चाल ‘मूर्तिपूजा’ या एका शब्दानें झटकून टाकणाऱ्या उपदेशकांचें मला कौतुक नाहीं. पण तो वाद निराळा.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मी या पंथाचें वकीलपत्र घेतलें आहे. तसें नाहीं. डॉलरांच्या उपपत्तीवर माझा खरा राग आहे तो तिच्यामुळें या पंथाचे खरे अपराध झांकले जातात म्हणून. प्रश्न विचारावयाचा तो वॉशिंग्टनला नसून बेलेमच्या त्या वारशाचें काय केलें हा आहे. आणि तो पंथाच्या पाळकांस विचारला पाहिजे.

पंथाच्या उत्सवांत चित्रें लागतात तीं विंग्रेन व बर्ग या दोन पुरुषांचीं. ज्या बाईच्या घरीं मंडळी स्थापन झाली तिला त्यांच्या बरोबरीचें स्थान नाहीं. पण सेलिनाबाईंपेक्षांही कठोर गोष्ट फ्रीडाबाईंची आहे. फ्रीडा स्ट्रँडबर्ग ही स्वीडिश परिचारिका १९१७ सालीं बेलेमला आली व त्याच वर्षीं विंग्रेनशीं विवाहबद्ध झाली. नवरा वारंवार आजारी. तो अंथरुणावर असतां मंडळी सांभाळावयाची, उपदेश करावयाचा, रिओस बिऱ्हाड हलविल्यावर तुरुंगांत व चौकांत सभा घ्यावयाच्या, पंथाच्या पत्रांत लेख लिहावयाचे, गीतें रचावयाचीं, हें सर्व ती करीत होती. १९३० च्या सप्टेंबरांत नाताल शहरीं पाळकांची महासभा भरली. स्टॉकहोमहून ल्युई पेथ्रुस हे तेथील प्रख्यात पुढारी मुद्दाम आले होते. उत्तरेकडील मंडळ्यांचा कारभार स्वीडिश लोकांनीं ब्राझिलियन पाळकांच्या हातीं द्यावा असें तेथें ठरलें, आणि तें योग्यच ठरलें. त्याच सभेंत दुसराही प्रश्न निघाला, स्त्रियांनीं उपदेश करावा कीं नाहीं. विंग्रेन स्त्रियांच्या बाजूनें उभा राहिला. सामुएल नीस्ट्रेम विरुद्ध. निर्णय असा झाला कीं स्त्रियांनीं साक्ष द्यावी, पण मंडळीचें पाळकपण व शिक्षकपण, अगदीं अपवाद सोडल्यास, करूं नये.

पवित्र आत्म्यानें जी निवड १९११ सालीं सेलिनाबाईच्या घरीं केली होती ती एकोणीस वर्षांनीं पुरुषांच्या सभेनें दुरुस्त केली! ठरावानंतरही फ्रीडाबाई लिहीतच राहिल्या. १९३२ सालीं ते कुटुंब ब्राझील सोडून गेलें, निघावयाच्या सुमारासच त्यांची धाकटी मुलगी वारली, आणि दुसऱ्या वर्षीं विंग्रेन स्वीडनमध्यें मरण पावला. फ्रीडाबाईंची परत येण्याची इच्छा सफळ झाली नाहीं. पुढें त्यांस मनोरुग्णालयांत ठेवण्यांत आलें व १९४० सालीं त्या वारल्या. २००१ सालीं महासभेपुढें स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न पुन्हां आला, आणि उत्तर पुन्हां नकाराचेंच मिळालें.

ज्या सत्तेसाठीं हें दार लावलें गेलें ती पुढें कोणाकडे गेली तेंही पाहण्यासारखें आहे. जुझे वेलिंग्टन बेझेर्रा दा कोस्ता हे या पंथाच्या महासभेचे अध्यक्ष २०१७ पर्यंत अनेक वर्षें होते, आणि २०१७ सालीं त्यांच्या जागीं निवडून आले ते त्यांचे चिरंजीव. दुसरे चिरंजीव राष्ट्राच्या लोकसभेंत, कन्या प्रांताच्या विधिमंडळांत. मौजेची गोष्ट अशी कीं त्यांच्या साओ पाउलोंतील शाखेस ‘बेलेम शाखा’ म्हणतात. पण हें बेलेम ॲमेझॉनकांठचें नव्हे, साओ पाउलोंतील त्याच नांवाच्या एका पेठेवरून तें पडलें आहे. खऱ्या बेलेमची ‘मातृमंडळी’ १९९७ पासून सामुएल कामारा यांच्याकडे आहे. त्यांनीं त्या अध्यक्षपदासाठीं वारंवार झगडा दिला, यश आलें नाहीं, आणि २०१७ सालीं ते निराळी महासभा काढून बाहेर पडले. पण घराणेशाहीविरुद्ध हें बंड म्हणावें तर कामारांचे बंधु मानाउस येथील मंडळीचे प्रमुख! पूर्वी हा पंथ राजकारणाला पापाचें घर म्हणे. १९८६ च्या घटनासमितीच्या निवडणुकीपासून पंथाचे स्वतःचे उमेदवार उभे राहूं लागले आणि व्यासपीठावरून मतें मागितलीं जाऊं लागलीं.

या सर्व डोलाऱ्याला पैसा लागतो हें उघड आहे, आणि येथें आमच्या प्राध्यापकांस वाटेल कीं अखेर डॉलर आलेच. पण हा पैसा आला कोठून? तो दशांशाचा पैसा आहे. बायशादांतील तीच बाई, जिच्या नवऱ्याची दारू सुटली, ती दर महिन्याच्या मिळकतीचा दहावा भाग मंडळीच्या पेटींत टाकते. परदेशांतून खालीं आलेल्या पैशापेक्षां खालून वर गेलेला पैसा कितीतरी अधिक आहे. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार तिचा, आणि तिलाच सभेंत उभें राहून शिकविण्याचा अधिकार नाहीं. ‘ती विकली गेली’ असें जो म्हणतो तो या प्रश्नांत पाळकांच्या बाजूचा साक्षीदार होतो. कारण विकल्या गेलेल्या माणसाला हिशेब मागतां येत नाहीं.

पंथाच्या गीतसंग्रहाचें नांव ‘हार्पा क्रिस्तां’. १९२२ सालीं तो प्रथम छापला गेला आणि आजही लहानमोठ्या सर्व मंडळ्यांत तोच चालतो. फ्रीडाबाईंचीं गीतें त्यांत आहेत.